समुपदेशक पोस्टाने घडतो का?

कोयनानगरचं नाव काढलं की आपल्याकडच्या लोकांना तीनच गोष्टी आठवतात. धरण, वीज आणि भूकंप. (चौथी म्हणजे नेहरू उद्यान, पण ते शाळेच्या सहलीत तिकडे जाऊन आलेल्यांनाच.) आज मी भूकंपापासून सुरुवात करून भलतीकडेच जाणार आहे, तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा. विषय असा आहे की शाळेतला किंवा मानसिक आरोग्याचा समुपदेशक, म्हणजे आपल्या भाषेत काउन्सेलर, घरबसल्या शिकून होता येतं का? आणि मुळात हे दूर बसून शिकणं-शिकवणं आपल्याकडे आलं कुठून?

निमित्त झालं माझ्या मामेबहिणीचं. ती पाटण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझं आजोळ त्याच भागातलं. परवा फोनवर म्हणाली, "दादा, तू निम्मं शिक्षण कॉम्प्युटरसमोर बसूनच केलंस ना? मग मला सांग, काउन्सेलिंगचा कोर्स ऑनलाइन केला तर चालतो का? आमच्या वर्गात दोन मुलं अशी आहेत की त्यांच्याशी काय बोलावं तेच मला कळत नाही." मी आपलं 'बघून सांगतो' म्हणालो. बघायला बसलो आणि दोन विकांत त्यात गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

*

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. सहाच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांच्या वर जखमी झाली आणि कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. मुंबईची वीज गेली, आणि बऱ्याच मुंबईकरांना आपली वीज कुठून येते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असणार.

त्यानंतर कोयनेला कोण कोण आलं? भूगर्भशास्त्रज्ञ आले, स्थापत्य अभियंते आले, भूकंपमापक यंत्रं आली. धरणाच्या भिंतीला मागून टेकू देऊन ती मजबूत करण्यात आली. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, याचं जगभरच्या पाठ्यपुस्तकांतलं ठळक उदाहरण म्हणजे आपली कोयना. आजही कराडजवळ खोल विहिरी खणून तिथल्या खडकाचा अभ्यास चालतो. थोडक्यात, जमिनीची नाडी अर्धशतकाहून जास्त काळ तपासली जातेय.

आणि माणसांची? माझी आजी सांगायची, "लई दिस अंगणातच झोपलो आमी. घरात जायला जीवच धजत नव्हता." त्यानंतर कितीतरी वर्षं फडताळातली भांडी जराशी किणकिणली तरी ती हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहायची. घरातले म्हणायचे, म्हातारी घाबरट आहे. आज आपण त्याला वेगळं काही म्हणू. पण गंमत बघा, मोठ्या आघातानंतर मनावर राहणाऱ्या या परिणामाला 'पीटीएसडी' हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत मिळालं ते १९८० साली. म्हणजे कोयनेनंतर तेरा वर्षांनी. ज्या बगला अजून नावच नाही तो ट्रॅकरमध्ये टाकणार कसा?

बरं, १९६७ साली या कामासाठी शिकलेली माणसं आपल्याकडे नव्हतीच असं नाही. होती, पण कुठे होती ते बघा. मुंबईत १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, आजची 'टिस'. पुढच्याच वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं, तेही देशातलं अशा प्रकारचं पहिलं. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने मुंबईत व्यवसाय मार्गदर्शनाचं काम हाती घेतलं, १९५० मध्ये मुंबई सरकारने. मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात माध्यमिक शाळांमध्ये मार्गदर्शन हवं असं सांगितलं, १९५४ मध्ये दिल्लीत त्यासाठी केंद्रीय कार्यालय निघालं. आणि कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अगदी काटकसरीचा हिशेब मांडला, की निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक तरी असावा.

दहा शाळांमागे एक. कोयनेच्या आधी एक वर्ष. कागदावर सगळं होतं. पण सगळं मुंबई, दिल्ली, बंगळूरु. हेळवाकच्या किंवा पाटणच्या शाळेपर्यंत येणारा रस्ता त्यात नव्हता. शिकलेला माणूस शहरात आणि गरज घाटमाथ्यावर, हे आपल्या देशाचं जुनंच दुखणं. त्यावरचा उपाय म्हणून जे जे झालं त्याचाच हा इतिहास आहे.

*

दुरून सल्ला देण्याची मराठीतली गोष्ट मात्र याच्याही बरीच आधीची आहे आणि ती एका गणिताच्या प्राध्यापकाची आहे. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक. १९५३ मध्ये ते वारले तोपर्यंत मासिक चालू होतं. त्यात वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापली जायची. जे प्रश्न घरात, वैद्याकडे, मित्रांत कुठेच विचारता येत नव्हते ते लोक पोस्टाने विचारत होते. लैंगिक आयुष्याबद्दलची भीती, अपराधीपणा, चुकीच्या समजुती. कर्वे त्यांना सरळ, कोरडं, शास्त्रीय उत्तर द्यायचे.

याची किंमत त्यांनी मोजली. १९३४ मध्ये याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक मनापासून प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळायला नको का, हा मुद्दा. खटला हरले, दंड भरावा लागला, मासिक चालूच राहिलं.

मला या गोष्टीत दोन धडे दिसतात. एक म्हणजे दूर असण्याचा फायदाही असतो. तोंड दिसत नाही म्हणून माणूस खरं बोलतो. पुढे हेल्पलाइन ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या ते हेच. दुसरा धडा जरा अवघड आहे. कर्व्यांनी जे पोचवलं ती माहिती होती. भीती अज्ञानातून आलेली असेल तर माहिती हेच औषध. पण माझ्या आजीला माहिती देऊन काय झालं असतं? भूकंप कसा होतो हे तिला कोणी नकाशा काढून समजावलं असतं तरी भांडी वाजल्यावर तिचे पाय दाराकडेच वळले असते. तिला समोर बसून ऐकणारं कोणीतरी हवं होतं. ही कला पोस्टाने पाठवता येते का, हा खरा प्रश्न.

आणि आपला शब्दही मोठा फसवा आहे हो. समुपदेशन! त्याच्या पोटातच 'उपदेश' बसलाय. या विद्येचा पहिला नियम मात्र उपदेश करू नका हाच आहे.

*

आता पोस्टाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे शिक्षणाकडे जाऊ. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रव्यवहारातून पदवी सुरू केली, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ निघालं आणि नापास, गृहिणी, कामगार सगळ्यांना दार उघडं करणारी ती कल्पना जगभर पसरली. महाराष्ट्रात ती १ जुलै १९८९ रोजी नाशिकला आली. देशातलं पाचवं मुक्त विद्यापीठ. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'.

या विद्यापीठाला नाव दिलं गेलं यशवंतराव चव्हाणांचं, आणि इथे आपण फिरून कोयनेच्या खोऱ्यात येतो. यशवंतराव देवराष्ट्र्याचे. गाव आज सांगली जिल्ह्यात, त्यांच्या जन्माच्या वेळी, १९१३ साली, सातारा जिल्ह्यात. वाढले कराडला, जिथे कोयना कृष्णेला मिळते. १९६७ साली भूकंप झाला तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. पाटणच्या मुलाला कॉलेजसाठी गाव सोडावं लागतं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या नावाचं विद्यापीठ घरी पुस्तकं पाठवतं, याला एक अर्थ आहे.

पुढचा टप्पा आपल्या पिढीच्या आठवणीतला. २००१ मध्ये एमकेसीएल, एमएस-सीआयटी, तालुक्याच्या गावात संगणकाच्या खोल्या. मग इंटरनेट. दिल्लीच्या इग्नूने (स्थापना १९८५) २०१० च्या आसपास मानसशास्त्राचं एम.ए. आणि समुपदेशन व कुटुंबोपचार यांचे अभ्यासक्रम दुरून द्यायला सुरुवात केली. आमच्या क्षेत्रातले कितीतरी लोक रात्रीच्या शिफ्टनंतर तो एम.ए. करताना मी पाहिलेत. कोडिंगला कंटाळलेले, घरात कोणाचं तरी आजारपण जवळून पाहिलेले, किंवा नुसतेच स्वतःला समजून घ्यायला निघालेले. तुमच्याही टीममध्ये एखादा असेल.

*

आपत्ती आणि मन या गोष्टी आपल्याकडे एकत्र आल्या त्या १९८४ च्या डिसेंबरात. भोपाळ. वायुगळतीनंतर हजारो माणसं दवाखान्यात येत होती आणि डोळे-फुप्फुसं तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या भीतीचं, झोप उडण्याचं काय करावं हे माहीत नव्हतं. तितके मानसोपचारतज्ज्ञ आणणार कुठून? तेव्हा बंगळूरुच्या 'निम्हान्स'च्या मंडळींनी १९८५ मध्ये तिथल्या साध्या डॉक्टरांनाच थोडक्यात प्रशिक्षण दिलं, त्यासाठी पुस्तिका तयार केली. तज्ज्ञ कमी असतील तर तज्ज्ञाचं काही काम नीट तुकडे पाडून दुसऱ्याला शिकवायचं, ही कल्पना इथे दिसते.

मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी. पुन्हा पहाटच, ३ वाजून ५६ मिनिटं. सुमारे दहा हजार माणसं गेली. पण कोयना आणि किल्लारी यांच्यातल्या सव्वीस वर्षांत एक फरक पडला होता. या वेळी मनाचीही मोजदाद झाली. वाचलेल्या ४२ जणांच्या एका छोट्या अभ्यासात सुमारे ५९ टक्के लोकांमध्ये निदान करता येईल असा मानसिक त्रास आढळला. तो अभ्यास १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा मोठा प्रकल्प मराठवाड्यात चालला, त्याची धुरा होती डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे. हो, तेच, घाशीराममधले नाना फडणवीस. आपण त्यांना नट म्हणून ओळखतो, पण ते मुळात मानसोपचारतज्ज्ञ. त्याच सुमाराला, १९९० मध्ये, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच सुरू केली आणि 'मनाचं आरोग्य' हा शब्द मराठी घरांत वेड्यांच्या इस्पितळाच्या बाहेर आला.

म्हणजे १९९० च्या दशकात आपल्याकडे दोन गोष्टी तयार होत्या. घरपोच शिक्षण देणारी यंत्रणा, आणि साध्या माणसांना मनाचं काम शिकवता येतं ही खात्री. दोन्ही जोडल्या की झालं, असं कोणाही इंजिनियरला वाटेल. मलाही पहिल्या विकांताला असंच वाटलं होतं.

*

पण शिकवायचं काय, ते आधी बघू. अमेरिकेत कार्ल रॉजर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ च्या पुस्तकात एक वेगळी गोष्ट केली. त्याने एका माणसाबरोबरच्या समुपदेशनाच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रित केल्या आणि शब्द न् शब्द छापल्या. तोपर्यंत बंद दाराआड काय चालतं हे समुपदेशकाच्या आठवणीवरच कळायचं. मुद्रणामुळे पहिल्यांदा दिसलं की आपण ऐकतोय असं समजणारा माणूस प्रत्यक्षात किती बोलतो, किती मध्येच तोडतो, किती घाईने उपाय सुचवतो. शिकणाऱ्याचं मुद्रण गुरूने ऐकायचं आणि सांगायचं, 'इथे थांबायला हवं होतंस', ही पद्धत तिथून रुजली.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू. पुस्तक वाचून कोणी प्रोग्रामर होत नाही हे आपल्याला माहीत आहे. लिहायचं, दुसऱ्याला दाखवायचं, त्याने लाल रेघा मारायच्या, परत लिहायचं. फरक एवढाच की आपला कोड टेस्ट सर्व्हरवर पडला तर कोणाचं काही जात नाही. समुपदेशकाला टेस्ट सर्व्हर नसतो. पहिल्या दिवशी समोर बसलेलं पोरगं खरंच असतं.

इथे जाता जाता आपल्याच धंद्यातली एक गोष्ट. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉमने 'एलायझा' नावाचा प्रोग्राम जाहीर केला. रॉजर्सच्या शैलीची नक्कल करायचा, म्हणजे तुम्ही टाइप केलेलं वाक्य प्रश्न करून परत तुमच्याकडे फेकायचा. आत समज शून्य. पण त्याच्या सेक्रेटरीने काही वाक्यं टाइप केल्यावर त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं, एवढी ती गुंतली! त्याचा वायझेनबॉमला धक्का बसला आणि पुढचं आयुष्य तो यंत्राने काय करू नये हे सांगत राहिला. आज चॅटबॉटशी मनातलं बोलणारी मुलं पाहिली की हे आठवतं. ऐकण्याचा भास सोपा असतो. ऐकणं शिकावं लागतं.

तर मग हे शिकणं दुरून जमतं का? इथे गोव्यातलं काम बघण्यासारखं आहे. 'संगथ' ही संस्था तिथे १९९६ मध्ये सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं तर नैराश्याच्या रुग्णांना फायदा होतो का, हे त्यांनी नीट चाचणी करून तपासलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेलं उत्तर होतं, सरकारी केंद्रांत होतो. पदवी नव्हती, पण देखरेख होती. पुढच्या कामात तर हे लोक एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांची मुद्रणं ऐकायचे आणि गुण द्यायचे. रॉजर्सची कल्पना, गोव्याच्या गावात. विदर्भात, अमरावती जिल्ह्यात, याच धर्तीवरचा 'विश्राम' प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

आणि शाळांबद्दलची एक चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून जास्त शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम झाला, निकाल २०१८ मध्ये आले. काही शाळांत तोच कार्यक्रम बाहेरून आलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. समुपदेशक होता तिथे दादागिरी, मारामारी, नैराश्याची लक्षणं कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षक होते तिथे जवळपास काहीच फरक पडला नाही.

का? शिक्षक वाईट म्हणून नाही. मला वाटतं त्यांच्या डोक्यावर पोर्शन, परीक्षा, पोषण आहार, निवडणुकीची कामं आधीच होती. शिवाय जो मार्क देतो, शिक्षा करतो, आईबापांना बोलावतो, त्याच्याजवळ मूल मन कसं मोकळं करणार?

*

महाराष्ट्रात आपण नेमका शिक्षकांवरच भर दिला होता. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. आणि २०१७ च्या सुमाराला माध्यमिक शिक्षकांसाठी 'अविरत' नावाचं समुपदेशनाचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं, श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने. प्रत्येक जिल्ह्यातल्या शिक्षकाला एकाच वेळी, एकाच दर्जाचं काहीतरी पोचवणं ही छोटी गोष्ट नाही. किशोरवयीन मूल असं का वागतं हे शिक्षकाला कळलं तर एखादा अपमान, एखादी छडी टळते. तेवढ्यासाठीसुद्धा असं प्रशिक्षण हवंच. पण ते 'ओळख' या पातळीचं असतं. त्याने शिक्षक जास्त समजूतदार होतो, समुपदेशक होत नाही.

मधला मार्गही आपल्या देशात आहे, आणि तो बराच जुना आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम. त्याची आखणी मला एखाद्या चांगल्या सिस्टिम डिझाइनसारखी वाटली. सहा महिने घरी बसून अभ्यास, तीन महिने समोरासमोर, आणि तीन महिने आपल्याच भागात प्रत्यक्ष काम, देखरेखीखाली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी केंद्र आहे भोपाळचं प्रादेशिक शिक्षण संस्थान. (पुन्हा भोपाळ!) जे तारेतून जाऊ शकतं ते तारेतून, जे जाऊ शकत नाही त्यासाठी माणसाने प्रवास करायचा. अडचण उघड आहे. पाटणच्या शिक्षिकेने तीन महिने भोपाळला जायचं म्हणजे रजा, घर, लेकरं...

आता २०२५ सालाकडे या, कारण तिथे दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबद्दलच्या एका निकालात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं. हे का, ते आकड्यांवरून कळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रात. सगळ्या राज्यांत जास्त.

आणि पुढच्याच महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं की २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासकट आरोग्याशी संबंधित विषयांना दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत. आधार होता संलग्न आरोग्य व्यवसायांबद्दलचा २०२१ चा कायदा.

म्हणजे एकीकडे शंभर मुलांमागे माणूस हवा, आणि दुसरीकडे ज्या वाटेने खेड्यातला माणूस तिथपर्यंत पोचायचा ती वाट बंद. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे एकमेकांच्या विरुद्ध वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दोन्ही खरं वाटलं. ज्याने कधी कोणासमोर बसून देखरेखीखाली तासभर ऐकलं नाही त्याच्या हाती घाबरलेलं मूल देऊ नये, हे बरोबरच आहे. आपण असल्या डॉक्टरकडून पोट तरी कापून घेऊ का? पण समोरासमोर शिकायची सोय कराडला, पाटणला, चिपळूणला होत नाही तोवर दुरून शिकणं बंद केल्याने समोरासमोरचं शिक्षण आपोआप उगवत नाही. १९६६ चा तो दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक अजून वाटेतच आहे.

मला वाटतं वाद 'ऑनलाइन की ऑफलाइन' असा घालणंच चुकीचं आहे. सिद्धांत, वाढीचे टप्पे, कायदा, आजारांची ओळख हे सगळं पोस्टाने, व्हिडिओने, मोबाइलवर उत्तम पोचतं. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी ते दाखवलंय. मध्य प्रदेशात सिहोरला आशा कार्यकर्त्यांना स्मार्टफोनवरून नैराश्यावरचे छोटे उपचार शिकवून पाहिलेत, आणि तिथेही एका गटाला पाठीशी फोनवर बोलणारं माणूस दिलं होतं. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यावर. तुमचं ऐकणं ऐकून तुम्हाला टोकणारा माणूस हवा. प्रत्येक तालुक्यात असा एक अनुभवी माणूस महिन्यातून दोनदा येऊन बसला तरी बराच फरक पडेल. धरणाच्या भिंतीला टेकू द्यायला आपण माणसं, सिमेंट, पैसा सगळं घाटावर नेलंच होतं की!

बहिणीला मी जे कळवलं ते थोडक्यात असं, आणि तुमच्यापैकी कोणाच्या मनात हा विचार घोळत असेल तर तुमच्याही कामी येईल. कुठल्याही अभ्यासक्रमाची जाहिरात बघितली की तीन प्रश्न विचारायचे. देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे तास किती? माझं काम ऐकून मला चुका कोण दाखवणार? आणि हे प्रमाणपत्र मला नेमकं काय करू देतं? (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती अशा प्रमाणपत्राने मिळत नाही.) चार विकांतांत 'सर्टिफाइड काउन्सेलर' करून देणारे बरेच भेटतात. पहिले दोन प्रश्न विचारले की त्यांचा आवाज खाली येतो.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत शिक्षकाने समुपदेशक व्हायची घाई करायची गरज नाही. मूल बदललंय हे लक्षात येणं, त्याला न टोकता दहा मिनिटं ऐकणं आणि पुढे कोणाकडे न्यायचं हे माहीत असणं, एवढं पुष्कळ आहे. हे तीन भाग मात्र खरोखर घरबसल्या शिकता येतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी फोनसेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आणि आपल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत, दोन्हीकडे लावायला हरकत नाही.

१९६७ च्या त्या पहाटेनंतर कोयनेच्या खोऱ्यात जमीन किती वेळा हलली याची नोंद आहे, सेकंदासकट. लोक किती रात्री जागे राहिले याची नाही. ती नोंद घेणारी माणसं त्याच खोऱ्यात तयार व्हायला हवीत. पुस्तकं नाशिकहून आली काय किंवा मोबाइलवर आली काय, मला दोन्ही चालेल. फक्त त्या पुस्तकांच्या मागोमाग एखादा माणूसही घाट चढून आला पाहिजे.

असो. बराच लांबला लेख. तुमच्यापैकी कोणी असा अभ्यासक्रम केला असेल, विशेषतः लहान गावात राहून, तर जरूर लिहा. मला ऐकायचंय.